सात नंबरची जागा

"तो धावत नाही, आई."

"कोण?"

"तुझा कस्तुरीमृग. अच्युतबुवांच्या कीर्तनातला. या वनातून त्या वनात वगैरे तो कुठेही धावत नाही. डोंगराच्या एका कुशीत जन्म काढतो. त्याच वाटेनं जातो, त्याच वाटेनं येतो. आणि..." अरूनं चहाचा पेला दोन्ही हातांत धरला, "संडासलासुद्धा त्याच जागी जातो."

माझा जप चालला होता. मणी तसाच बोटात राहिला.

"सकाळी सकाळी काय विषय गं," मी म्हटलं.

चुलीपाशी बसलेला कुंदनसिंह हसला. त्याला मराठी फारसं येत नव्हतं, पण आई आणि लेक यांच्यातलं भांडण कुठल्याही भाषेत कळतं.

गढवालच्या डोंगरात, दहा हजार फुटांवर, पत्र्याच्या एका खोपटात आम्ही तिघं होतो. माझी एकुलती एक लेक अरुंधती कस्तुरीमृगांचा अभ्यास करायला दोन वर्षांपूर्वी इथे येऊन राहिली होती. कुंदनसिंह जंगलखात्याचा राखणदार, पन्नाशीचा, मितभाषी. तो अरूला दीदी म्हणायचा आणि मला माताजी. त्याचं हिंदी मी इथे आपल्या मराठीतच सांगते. नोव्हेंबर महिना होता. मी कुरुंदवाडहून तीन गाड्या बदलून, शेवटचे सहा मैल खेचरावर बसून आले होते. सोबत पातळं चार, टाळ एक जोडी, बुक्क्याची डबी आणि तेलाच्या डब्यात लावलेलं तुळशीचं रोप. तुळस तिसऱ्याच दिवशी माना टाकायला लागली.

अरूच्या बोलण्याचा मला खरं म्हणजे राग आला होता. आमच्या राममंदिरात अच्युतबुवा तीस वर्षं कीर्तन करत होते आणि तीस वर्षं मी पहिल्या रांगेत, उजवीकडच्या खांबाशी. कीर्तनाआधी मंडप झाडायचा, सडा घालायचा, बुवा उभे राहतात तिथे रांगोळी काढायची, ही माझी सेवा. पूर्वरंग रंगात आला की बुवा तो दृष्टांत काढायचे. उपरण्याचं टोक मागे सोडून शेपटी करायचे, नाक वर करून वास घ्यायचे, दोन पावलं इकडे धावायचे, दोन तिकडे. आणि मग थांबून हळूच म्हणायचे, "अरे वेड्या, ज्याच्यासाठी धावलास ते तुझ्याच बेंबीशी आहे की." तबला थांबायचा. अर्धा मंडप डोळे पुसायचा. आणि ही म्हणते, तो धावत नाही.

"म्हणजे बुवा खोटं सांगतात?"

"बुवांनी हरीण पाहिलंय कुठं?"

"तू तरी पाहिलंयस का?"

अरू उठली. पेला खाली ठेवून बाहेर निघून गेली.

"माताजी," कुंदनसिंह फुंकणी बाजूला ठेवत म्हणाला, "तेवढं एक विचारू नका दीदीला."

मग त्यानंच सगळं सांगितलं. दोन वर्षांत या जंगलात कस्तुरीमृग कुणालाही दिसला नव्हता. झाडांना कॅमेरे बांधले होते. त्यांत कोल्हे आले, अस्वल आलं, हा आला नाही. आता खात्याचं पत्र आलं होतं. पंचवीस तारखेला बर्फासाठी तळ उठायचा. तोवर एक तरी फोटो मिळाला तर तळ पुढल्या वर्षीही इथेच. नाही मिळाला तर इथे हरीण नाही असं धरायचं आणि माणसं दुसऱ्या खोऱ्यात हलवायची.

"मग इथे कोण येणार?"

"फासवाले येणार." त्यानं बोटानं हवेत तारेचा वेढा काढला. "दीदी म्हणते ते खरं आहे. तो वाट बदलत नाही. म्हणून तर सापडतो. वाटेत फास ठेवला की झालं. कस्तुरी फक्त नराकडे असते, पण फासाला काय कळतं? मादीही मरते, पिल्लूही मरतं." थोडं थांबून तो म्हणाला, "माझा बाप फास लावायचा. मी काढतो. गेल्या उन्हाळ्यात अकरा काढले."

मी पुढचा मणी ओढला. पण मनात जे आलं ते आज लिहायला हरकत नाही. मनात आलं, फोटो न मिळाला तर बरं.

माझ्या पोथीत निजामुद्दीन ते मिरज अशी परतीची दोन तिकिटं होती. एक माझं, एक अरूचं. हे जाऊन दोन वर्षं झाली होती. सांगलीच्या कॉलेजात एक जागा निघाली होती. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की घरात दुसरं माणूस हवं असं वाटायचं. अरूला अजून सांगितलं नव्हतं. नीट वेळ बघून सांगणार होते.

पाच-सहा दिवसांनी कार्तिकी एकादशी आली. अरू आणि कुंदनसिंह पहाटेच वरच्या रानात गेले होते. जाताना अरू रोजच्यासारखं बजावून गेली, "झऱ्याच्या पलीकडे जाऊ नकोस."

मी झऱ्यावर अंघोळ केली. तिकडे गावात एव्हाना मंडप झाडून झाला असता. हात शिवशिवत होते. इतक्यात पलीकडच्या चढावर, बुरांशाच्या जाळीत, लाल फडकं दिसलं. तिथे देव असणार. एकादशीच्या दिवशी देव समोर दिसतो आहे आणि झरा ओलांडायचा नाही, असं कुठल्या शास्त्रात सांगितलंय?

मोठ्या कपारीखाली शेंदूर उडालेला एक दगड होता. वरच्या फांदीला चिंधी बांधलेली. आणि देवापासून दोन हातांवर ही एवढी लेंड्यांची रास. वर पालापाचोळा सारलेला. मला भरून आलं. म्हटलं, अरे देवा, धनगरांना तरी कळू नये? बकऱ्या बसवायला तुझंच अंगण सापडलं?

फांद्यांचा खराटा केला. सगळी जागा झाडली. लेंड्या मात्र टाकल्या नाहीत. लेंडीखतासारखं तुळशीला काही नाही. पदराचा ओचा केला आणि निगुतीनं सगळ्या भरून घेतल्या. झऱ्याचं पाणी आणून सडा घातला. रांगोळीची पुडी कमरेला होतीच. कमळ काढलं, गोपद्मं काढली. कापूर लावला. समोरच्या झाडाला पट्ट्यानं बांधलेली खाकी रंगाची एक पेटी होती. मला वाटलं विजेचं मीटर. पंधरा मैलांत वीज नाही हे लक्षात आलं नाही. त्याच्या काचेवर धूळ होती, तीही पदरानं पुसली.

मग मी कीर्तन केलं. समोर कुणी नाही, तबला नाही, बाजाची पेटी नाही. हातात टाळ होते. बुवांचा सगळा पूर्वरंग मला पाठ. तो दृष्टांतही केला. पदराची शेपटी सोडून दोन पावलं इकडे धावले, दोन तिकडे. शेवटी देवाला बुक्का लावला, स्वतःला लावला, आणि उरलेला बुक्का लावायला कुणी नाही म्हणून त्या मीटरला लावला.

चार दिवसांनी, पौर्णिमेला दुपारी, हातभर पुढचं दिसत नव्हतं अशा धुक्यात चाचपडत अरू कॅमेऱ्यांची कार्डं गोळा करून आली. दोघं संगणकापाशी वाकून बसली. मी तांदूळ निवडत होते.

"सात नंबर लावा दीदी," कुंदनसिंह म्हणाला. "गेल्या खेपेला तिथली लेंडी ताजी होती. माझा त्याच्यावर भरवसा आहे."

दोघं एकेक फोटो पुढे सारत राहिली. मग अरू अगदी सावकाश म्हणाली, "आई, इकडे ये."

पडद्यावर एक बाई होती. पाठमोरी, कासोटा खोचलेली, खराट्यानं झाडत होती. पुढच्या फोटोत ओचा भरत होती. पुढच्यात सडा. पुढच्यात तिचा डोळा, पडद्याएवढा मोठा, आणि पदर. मग ती नाक वर करून धावत होती. डावीकडे चार फोटो, उजवीकडे चार. मग एक काळं बोट आलं आणि त्याच्यानंतर सगळे फोटो काळे.

"चौसष्ट आहेत," अरू म्हणाली. "हे काळं काय आहे?"

"बुक्का," मी म्हटलं.

कुंदनसिंह तोंड फिरवून खोकायला लागला. अरूही हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही.

"आई, ती त्याची जागा होती. सात महिने शोधल्यावर सापडली होती. तो वासावर येतो. आपली रास हुंगतो, तिथेच बसतो, वर पाला सारतो. त्या वासावरून त्याला कळतं की हे माझं रान." तिचा आवाज चढला नव्हता. तोच जास्त लागला. "त्या लेंड्या कुठायत?"

त्या क्षणी सगळं कळलं मला. हरीण कळलं, पेटी कळली, पंचवीस तारीख कळली. आणि हेही कळलं की रामरायानं माझं काम परस्पर करून टाकलंय. मी काहीही करायची गरज नव्हती. फक्त गप्प बसायचं.

"ओढ्यात टाकल्या," मी म्हटलं.

"सगळ्या?"

"सगळ्या."

ओंजळभर लेंड्या तुळशीच्या डब्यात होत्या. बाकीच्या गोणपाटाच्या पिशवीत भरून माझ्या ट्रंकेमागे ठेवल्या होत्या, कुरुंदवाडला न्यायला.

अरू उठली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे. तुला काय माहीत. मीच नीट सांगायला हवं होतं." आणि बाहेर जाऊन लाकडं फोडायला लागली. तिचे वडीलही असेच. राग आला की लाकडं फोडायचे.

त्या संध्याकाळी दिवा लावला आणि भजनाला बसले. टाळ हातात घेतले, पण वाजेनात. एकदा वाजवले तर कुणीतरी उष्टं भांडं आपटावं तसा आवाज आला. रागावली असती तर निभावलं असतं. ती 'जाऊ दे' म्हणाली होती. बुवा उत्तररंगात भक्तांच्या कथा सांगतात. त्यांत लबाडी करणारी माणसंही असतात आणि आम्ही त्यांना हसतो. पहिल्या रांगेतून जास्तच हसतो.

सकाळी अरू उठायच्या आत मी गोणपाटाची पिशवी आणि तुळशीचा डबा तिच्या अंथरुणापाशी आणून ठेवला.

"हे काय?"

"लेंड्या. ओढ्यात टाकल्या नव्हत्या."

ती उठून बसली. पिशवीत हात घालून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "काल का नाही सांगितलंस?"

"माझ्याकडे दोन तिकिटं आहेत."

"माहीत आहे," अरू म्हणाली. "आलीस त्याच रात्री तुझी गोळी शोधताना पोथीत दिसली."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतेस ते बघत होते." तिनं केस बांधले. "वाट बघायची सवय झालीय मला."

कुंदनसिंहानं पिशवी पाहिली आणि कपाळाला हात लावून नमस्कार केला. मला की लेंड्यांना, ते कळलं नाही. "येईल असं सांगत नाही," तो म्हणाला, "पण माताजी, मांडायची तर त्याच्यासारखी मांडायची."

त्यानं आमच्या हातांना, रागा म्हणतात त्या उग्र वासाच्या झाडाची कुटलेली पानं चोळली, माणसाचा वास जावा म्हणून. कापूर जाळला होता तिथली माती त्यानं कोयत्यानं खरवडली आणि पलीकडची आणून पसरली. रांगोळी पुसली, कॅमेऱ्यावरचा बुक्का पुसला. मी गुडघ्यांवर बसून लेंड्या निवडल्या. तांदूळ निवडावेत तशा. फिक्या, जुन्या एकीकडे. काळ्या, नव्या एकीकडे. जुन्या खाली, नव्या वर. तुळशीच्या डब्यातल्या माती झटकून एकेक वेचल्या. अरू वर पाला सारत होती.

"बाबा बघत असते तर काय म्हणाले असते?" ती म्हणाली.

"म्हणाले असते, तुझ्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा एखादी जागा झाडून परत घाण केली."

तेव्हा मात्र ती हसली. मग म्हणाली, "आता गाणं नाही हं, आई. टाळ नाही, कापूर नाही, उदबत्ती नाही."

"किती दिवस?"

"तळ उठेपर्यंत. आठ."

गोवर आला होता तेव्हासुद्धा मी आठ दिवस गप्प नव्हते. पण राहिले. मनात नाम चालू ठेवलं. ओठ हलले की कुंदनसिंह बोट तोंडावर ठेवायचा. सुरुवातीला त्या शांततेनं जीव घाबरा व्हायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी ऐकू यायला लागलं. झाडावरून शेवाळाचा पुंजका पडला तरी कळायचं. बुवा कीर्तनाला उभे राहतात आणि पहिला शब्द उच्चारायच्या आधी डोळे मिटतात, तेव्हा मंडपात असं असतं. आठ दिवस तसंच होतं.

चोविसाला बर्फ पडायला लागलं. पंचविसाला सकाळी सामान खेचरांवर चढत असताना अरू आणि कुंदनसिंह सात नंबरचं कार्ड काढून आले. संगणक एका खोक्यावर ठेवला. फोटो दोन दिवसांपूर्वीपर्यंत रिकामे. वाऱ्यानं हललेली फांदी. एक उंदीर. मग चोविसाची पहाट, बर्फाची तिरकी रेघ.

आणि तो.

शेळीपेक्षा लहान. शिंगं नाहीत. मागचा भाग उंच, कान मोठे, वरच्या ओठाखालून बाहेर आलेले दोन पांढरे सुळे. पाठीवर बर्फाची भुकटी. आणि बसला होता उकिडवा, डोळे अर्धे मिटून, माझ्या दोन्ही हातांनी रचलेल्या राशीवर. त्याच्या खुराशी पुसायची राहून गेलेली रांगोळीतल्या कमळाची एक पाकळी दिसत होती.

"अगं बाई," मी म्हटलं. इतक्या दिवसांतला माझा पहिला मोठा आवाज. "देवदुर्लभ दर्शन म्हणायचं, आणि ते असं?"

कुंदनसिंहानं टोपी काढली होती. अरू हसत होती आणि नाक पुसत होती. पुढच्या फोटोत तो उभा राहून पाय आपटत पाला सारत होता. त्याच्यापुढच्या फोटोत नुसतंच बर्फ.

त्या वर्षीच्या अहवालाची प्रत अरूनं नंतर मला पाठवली. त्यात एका कोष्टकात लिहिलंय: स्थान क्रमांक सात. मानव, स्त्री, एक. कस्तुरीमृग, नर, एक.

रस्त्याला लागल्यावर, मी मोटारीत बसले तेव्हा अरूनं खिडकीतून हात आत घालून माझा हात धरला. ती खालच्या गावात राहणार होती, बर्फ वितळेपर्यंत.

"आई, दुसऱ्या तिकिटाचं काय?"

"तुळस ठेवीन त्या जागेवर. तिलाही पाय पसरायला हवेत."

तशी ठेवलीही. आग्र्याच्या पुढे तिकीट तपासनीस आला. तेलाच्या डब्याकडे बघून म्हणाला, "ही जागा कुणाची?"

"माझ्या मुलीची."

"कुठे आहे ती?"

"तिच्या जागेवर," मी म्हटलं. त्याला काय कळलं कोण जाणे. त्यानं दोन्ही तिकिटांवर खूण केली आणि पुढे गेला.

घरी आल्यावर अच्युतबुवांना सगळं सांगितलं. लेंड्यांसकट आणि खोटं बोलले त्यासकट. बुवा शेंगदाणे खात ऐकत होते. मग हात झटकून आत निघून गेले. मला वाटलं रागावले. तीस वर्षांचा दृष्टांत.

पुढच्या एकादशीला मंडप भरला होता. पूर्वरंग रंगात आला. बुवांनी उपरण्याचं टोक मागे सोडलं, नाक वर केलं. तबलजीनं हात उचलला. आणि बुवा धावलेच नाहीत. तसेच उभे राहिले.

"मंडळी," ते म्हणाले, "आजवर मी या हरणाला फार दमवलं. परवा कळलं की तो बिचारा धावतच नाही. आपली जागा सोडत नाही तो. मग इतकी वर्षं वनावनातून धावत होतं ते कोण?"

तबलजीचा हात वरच होता. सगळा मंडप वाट बघत होता.

बुवांनी माझ्याकडे बघितलं नाही. तेवढी त्यांची माया. मी मात्र खाली बघितलं. सकाळी मीच काढलेली रांगोळी त्यांच्या पायाशी होती. तिची एक पाकळी त्यांच्या टाचेखाली पुसली गेली होती, आणि मला ती नीट करावीशी वाटली नाही.